गुळाचा पहिला खडा

आटपाट नगर नव्हे, डोंगराच्या कुशीतलं एक लहानसं गाव होतं. तिथली एक रीत मोठी गोड. चावडीवर सभा भरली की शेवटी गूळ वाटायचे, आणि पहिला खडा द्यायचे तो ‘मला हे पटत नाही’ म्हणणाऱ्याला. वाद झाला तरी त्याचं तोंड कडू राहू नये म्हणून.

हा खडा बहुतेक वेळा आत्याबाईच्याच हाती पडे. साऱ्या गावाची ती आत्या. लोक हसत, “सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं, तरी ही म्हणेल, थांबा, बघून येते!” निम्म्या वेळा तिचं चुकायचंही. पण तिच्याशी भांडता भांडता बाकीच्यांची तोंडं उघडायची.

एकदा पाहुण्यांदेखत पाटील म्हणाले, “वेशीवर दगडी कमान बांधू.”

खांबाजवळच्या आपल्या नेहमीच्या जागेवरून आत्याबाई म्हणाली, “कमान कशाला रे पाटला? विहिरीचा काठ खचलाय. पाहुण्यांना कमान दाखवशील, पाणी कुठलं पाजशील?”

पाहुणे खो खो हसले. पाटलांचा चेहरा उतरला. त्यांनी गुळाचं ताट स्वतःकडे ओढलं. “आजपासून पहिला खडा होकार देणाऱ्याला!”

आत्याबाई लुगडं झटकत उठली. “जिथे माझा नकार नको, तिथे माझा होकार तरी कशाला?” एवढं बोलून ती लेकीच्या गावी निघून गेली.

मग सभा कशा पटापट उरकू लागल्या! पाटील बोलायचे, माना डोलायच्या, गूळ संपायचा. आधी पाटलांना बरं वाटलं. पुढे पुढे मात्र, का कोण जाणे, बोलून झालं की त्यांची नजर खांबाजवळच्या रिकाम्या जागेकडे वळे. कान कसली तरी वाट पाहत.

धान्याचं कोठार कोरड्या ओढ्यालगत बांधायचं ठरलं, तेही असंच माना डोलावून. पावसाळ्यात ओढा फुगला आणि वर्षाचं धान्य घेऊन गेला.

चिखलात उभं राहून पाटलांनी विचारलं, “पाणी इकडे वळतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं?”

“होतं की मालक. सगळ्यांनाच होतं,” एक म्हातारा खालमानेनं म्हणाला.

“मग बोलला का नाहीत?”

“आधी बोलायची ती आत्याबाई. आम्ही तिच्या मागनं. आणि गूळ तर आता ‘हो’ म्हणणाऱ्याचा होता.”

पाटील तडक लेकीच्या गावी गेले. लेक दारातच भेटली.

“आई चैत्रात गेली, दादा. शेवटपर्यंत विचारत होती, पाटलानं विहिरीचा काठ बांधला का?”

पाटील तिथेच उंबऱ्यावर बसले.

परत येऊन त्यांनी आधी काठ बांधून घेतला. मग दर सभेला पहिला खडा ते खांबाजवळच्या रिकाम्या जागी ठेवू लागले. कुणी बोलेना. खड्याला मुंग्या लागत. भीती घालायला एक सभा पुरली होती, काढायला किती लागणार कोण जाणे!

एके दिवशी पाटील म्हणाले, “नवं कोठार टेकडीवर बांधू.”

मागून कुंभाराच्या सुनेचा आवाज आला, थरथरता. “मला... मला नाही पटत. वर पोती वाहणार कोण? आम्ही बायकाच ना?”

पाटील उठले, खांबाजवळचा खडा उचलला आणि स्वतः तिच्या हातावर ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते.

“फार वाट पाहायला लावलीस, पोरी. बोल. अजून बोल.”

तात्पर्य: ‘नाही’ म्हणणाऱ्याला जे गाव जपत नाही, ते पुढे एका खऱ्या शब्दासाठी झुरतं.