तीन राजांचा गरुड

गरुड काही उडेना!

उंचगड, पाणगड आणि माळगड या तीन राज्यांच्या राजांनी मिळून तो बनवून घेतला होता. वेळूचा सांगाडा, रेशमी पंख, पोटाला काचेचा डोळा. वर माणूस बसायची गरजच नाही; आपला आपण उडायचा आणि खालची जमीन न्याहाळायचा. त्याला जे दिसेल ते पाण्याने भरलेल्या परातीत उमटायचं. (कसं, ते मला विचारू नका. मला घरातला मिक्सर कसा चालतो तेही सांगता येत नाही.) घाटापलीकडे लुटारूंची फौज जमत होती. ती किती आणि नेमकी कुठे, हे कळायला दुसरा मार्ग नव्हता.

पण गरुड पडला तिघांचा! उंचगडकरांनी त्याच्या छातीवर सोन्याचा भलामोठा सूर्य ठोकला. ते पाहून पाणगडकरांनी पाठीवर चांदीची छत्री बसवली. मग माळगडकर मागे कसे राहतील? त्यांनी शेपटीला पितळी घंटा टांगली. गरुडाने पंख हलवले, घंटा घणघणली आणि स्वारी पुन्हा जमिनीवर!

"महाराज, एवढं ओझं उतरवा," सांगाडा विणणारा हैबती बुरूड म्हणाला.

"ओझं? आमच्या मानाला ओझं म्हणतोस?" उंचगडकर कडाडले. "टाका याला कोठडीत! मानचिन्हाला जो हात लावेल त्याचा हात कलम! आणि उद्या गरुड उडाला नाही, तर याचा कडेलोट!"

सकाळी हैबतीची बायको गजरा मैदानात हजर झाली. कडेवर तान्ही मुलगी, तिच्या डोक्याला कानटोपी. घरी सांभाळायला कुणी नव्हतं, आणि असतं तरी गजराचा जीव घरीच अडकला असता.

"महाराज, गरुड मी उडवते. कशालाही हात न लावता! फक्त एक शंका आहे."

"विचार."

"वर गेल्यावर हा लुटारूंना दिसेल ना?"

"दिसेल म्हणजे? आमचा सूर्य असा झळकेल!" उंचगडकरांनी मिशीला पीळ दिला.

"तेच म्हणते मी. बघताक्षणी ओळखतील, हेर उंचगडचा आहे. मग चिडून आधी कुणावर येतील हो?"

मिशीवरचा हात तिथेच थांबला. उंचगडकर खाकरले.

"पाणगडकर, तुम्ही वयाने थोर. पहिला मान तुमचा. आमचा सूर्य खालीच राहू द्या!"

"छे छे, आम्ही कसले थोर!" पाणगडकर छत्री उपटायला धावले. "मान माळगडकरांचा. काय गोड घंटा आहे!"

"गोड? अहो, ती घाटभर माझं नाव ओरडत सुटेल!" माळगडकर घंटा सोडवायला शेपटीला लोंबकळले.

उंचगडकर स्वतः कट्यारीने सूर्याचे खिळे उचकटत होते. एक शिपाई मदतीला आला.

"मागे हो! हात कलम होईल तुझा! मीच काढतो!"

शेवटचा खिळा निघाला. गरुड फडफडला आणि गुपचूप आभाळात गेला. थोड्याच वेळात परातीत घाटापलीकडची दरी उमटली. झाडीत तंबू, तंबूंमागे घोडे, आणि वर येणारी चोरवाट! तिन्ही राजांच्या तुकड्या लगोलग ती वाट अडवायला निघाल्या.

उंचगडकरांनी घाम पुसला. "बाई, आमचा मान आमच्याच हातांनी उतरवलास!"

"मी कुठे हात लावला, महाराज?"

उंचगडकर पोट धरून हसले. "सोडा रे त्या हैबतीला! आणि हा सोन्याचा सूर्य तुला. दारावर लाव!"

"नको बाई! घाटातून एखादा जरी लुटारू निसटला, तरी पहिला आमच्याच दारात येईल!"

आता तिन्ही राजे असे खदखदले की मुलगी दचकून रडायला लागली. हैबती आला, त्याने तिला उचलून घेतलं, आणि उंचगडकरांनी नदीकाठचं अख्खं वेळूचं बन गजराच्या नावे करून टाकलं.