रिक्षातली पुढची जागा

“पण मग सगळं तोंडपाठ असून ती सांगत का नाही, बाई?” मृणालनं गोदूबाईंना विचारलं.

मृणाल टेकाडे तिसरीच्या वर्गाला शिकवायची. कुणी नको तसा हात लावला तर काय करायचं, हा धडा तिच्याइतका छान तालुक्यात कोणी घेत नाही, असा तिचा बोलबाला होता. तिलाही तो चांगला ठाऊक होता. हात पुढे करायचा, मोठ्यांदा ‘नको’ म्हणायचं, तिथून निघायचं, विश्वासातल्या माणसाला सांगायचं. तिची पोरं झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवतील.

आणि त्याच वर्गातली रेवा पंधरा दिवसांपासून मिटून गेली होती. डबा तसाच घरी न्यायची. आईनं विचारलं, मृणालनं खोदून खोदून विचारलं. पोर जमिनीकडे बघत राहायची...

मृणालच्या तोंडचं पाणी पळालं होतं. म्हणून शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर, रेवाच्या आईला सांगून, ती पोरीला घेऊन गोदूबाईंकडे आली. मृणालला अक्षरं गिरवायला शिकवलं ते याच बाईंनी.

गोदूबाई ओसरीवर तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होत्या.

“ये बेटा, इथं माझ्याजवळ बस,” त्या रेवाला म्हणाल्या.

रेवा पायरीशीच उभी. “नको.”

“मोठ्यांना असं म्हणतात का?” मृणालनं तिच्या खांद्याला मागून हलकेच रेटलं. “जा, बोलावतात नं त्या.”

गोदूबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली. मृणालच्या हाताकडे पाहिलं. नुसतं पाहिलं...

तो हात आपोआप मागे आला.

“तिथंच बस, बेटा. तिथं बरं वाटते नं?”

रेवा पायरीवर टेकली. गोदूबाई पुन्हा शेंगा सोलू लागल्या. कुणी काही विचारलं नाही. मृणालही शेंगा सोलायला बसली.

बऱ्याच वेळानं रेवा सरकत सरकत परातीपाशी आली. तिनं एक शेंग उचलली.

“मी सांगितलं होतं,” ती शेंगेकडे बघत म्हणाली.

“कोणाला?” गोदूबाईंनी विचारलं.

“ह्या बाईंना.”

“मला?” मृणाल चपापली. “कधी गं?”

“रिक्षात पुढं नको म्हटलं होतं. काकांजवळ. हातपण असा केला होता... तुम्ही म्हणाल्या, हट्ट करू नको, लहान मुलं पुढंच बसतात.”

मृणालला आठवलं. शाळा सुटतानाची घाई, रिक्षाचा हॉर्न, आणि तो इवलासा पुढे आलेला तळहात. तिनंच शिकवलेला. तोच तळहात धरून तिनं पोरीला पुढच्या सीटवर चढवलं होतं.

तिला रडू आवरेना.

“माझं चुकलं, रेवा. तू बरोबर केलं होतंस. सगळं बरोबर केलं होतंस.”

मग रेवा बोलली. अडखळत, थांबत... पण बोलली.

त्याच दुपारी रेवाच्या आईबरोबर मृणाल पोलीस ठाण्यात गेली आणि तक्रार लिहून झाल्याशिवाय जागची हलली नाही. तो रिक्षावाला शाळेच्या फाटकाशी पुन्हा कधी दिसला नाही.

महिन्याभरानं मृणाल परत त्याच ओसरीवर आली. रेवा आता डबा संपवते, वर्गात भांडतेसुद्धा, हे सांगताना तिचा ऊर भरून आला होता.

“तुम्ही नसता, बाई, तर मी अजून तिलाच प्रश्न विचारत बसले असते,” असं म्हणत ती पाया पडायला वाकली.

“नको,” गोदूबाई म्हणाल्या.

मोठी माणसं असं म्हणतातच, आणि आपण तरीही पाया पडतोच. मृणालचे हात त्यांच्या पावलांपासून वीतभर अंतरावर होते... ते तिथंच थांबले. तिनं ते मागे घेतले.

गोदूबाई हसल्या.

“आता घे तो धडा.”