खुंटीवरचा कोयता

अवजारे बोलत असत आणि माणसे त्यांचे ऐकून घेत असत, त्या काळातली ही गोष्ट. घाटाखालच्या एका गावात बुरूड बायकांच्या मंडळाने बांबू चिरण्याचे यंत्र आणले आणि जुन्या कोयत्याला खुंटी मिळाली.

“आजोबा, आता आराम करा,” यंत्र म्हणाले. कोयत्याला ते झोंबले.

यंत्राचा झपाटा एवढा, की बायका करवतीने हाती लागेल तो बांबू तोडून आणू लागल्या. पूर्वी कोयत्याची पाठ बांबूवर वाजवून पाहायची रीत होती. जून बांबू खणखणीत वाजे; कोवळा मुका राही आणि त्याला भुंगा लागतो म्हणून बेटातच ठेवला जाई. खुंटीवरून कोयत्याला चिरलेल्या कोवळ्या कामट्या दिसत होत्या, पण तो रुसून गप्प बसला.

काही महिन्यांनी बाजारातून टोपल्या परत आल्या. भुंग्यांनी त्या पोखरून टाकल्या होत्या.

“हे यंत्रच अवलक्षणी! धाडा परत,” मंडळाच्या प्रमुख ठकूबाई कडाडल्या.

हेच ऐकण्यासाठी कोयता थांबला होता. पण शेजारी थरथरणारे यंत्र पाहून त्याला स्वतःचीच लाज वाटली. “बाई, त्याला बांबूचा आवाज कळत नाही,” तो म्हणाला. “मला कळतो, तरी मी बोललो नाही.”

“मेल्या, मग आता बोल!”

दुसऱ्या दिवशी कोयत्याने बेटातले ऐंशी बांबू वाजवून पाहिले आणि तीसच तोडू दिले. यंत्राने ते दुपारपर्यंत चिरून संपवले.

“आजोबा, आता मी काय करू?”

“थांब,” कोयता म्हणाला. “बेट अजून वाढतंय.”