तुळसाक्काची वाटी

गोष्टी सांगायची मला हौस नाही. शाळेच्या बाई दारात येऊन बसल्या. म्हणाल्या, "आजोबा, पोरांसाठी एक बोधकथा लिहून द्या." मी म्हटलं, "बाई, बोधाची गरज पोरांना नाही, पोरांच्या आईबापांना आहे." तरी हलेनात. चहा प्यायल्या आणि वर कागद पुढं सरकवला. मी दुसरीत शाळा सोडलेला माणूस. घ्या, लिहितो. पण मधेच कुणी खुदखुदलं, तर आहे तिथं थांबेन.

नदीकाठी एक गाव होतं. पाणी ओसरलं की तिथल्या वाळूत कलिंगडाचे वेल पसरायचे. त्या गावात तुळसाक्का नावाची बाई राहायची. नवरा गेलेला, शेत नाही, घरात एक म्हातारा सासरा. ती शिंदीच्या पानांच्या झाडण्या बांधायची, त्यावर ज्वारी मिळायची. भाकरी व्हायची. पण भाकरीबरोबर कालवण काय करायचं, हा रोज संध्याकाळचा घोर. आणि सासरा असा, की दात गेले, डोळे गेले, पण जीभ शाबूत. कालवण बेचव झालं की घास तोंडात घोळवत बसायचा. म्हणायचा, "पोटाला चालंल गं, पर जिभेला न्हाई चालत." आणि उपाशी झोपायचा. हाडं वर आली होती. त्या म्हाताऱ्याला चार घास जावेत, एवढ्यासाठी तिची सगळी धडपड.

गावात एक रीत होती. संध्याकाळी कालवण झालं की एक वाटी शेजारी द्यायची. शेजारणीनं ती वाटी रिकामी परत करायची नाही, आपल्या घरचं काहीतरी तिच्यात घालायचं. रीत चांगली. रिती चांगल्याच असतात, माणसं त्यात खोड्या करतात.

एकमेकींच्या वाट्यांत बायका लोणी घालायच्या, ओला हरभरा सोलून घालायच्या. तुळसाक्काची वाटी आली की मात्र हात कोपऱ्यातल्या टोपलीत जायचा. सुताराची बायको दात आंबतील अशी बोरं घालायची. कुणी चटणीचं कारळं द्यायचं, तेही खड्यांसकट. गुऱ्हाळवाल्याकडून गुळाच्या कढईची करपट खरवड यायची. रीत मोडली असं कुणी म्हणू शकत नव्हतं. वाटी रिकामी नव्हती ना! चलाखी बघा.

सगळ्यांवर कडी केली म्हाळसाबाईनं. नदीतली निम्मी कलिंगडं तिच्या घरची. ती लाल गर कापून घ्यायची आणि उरलेल्या साली तुळसाक्काच्या वाटीत घालायची. तशाच साली तिच्या म्हशीपुढंही पडायच्या. एकाच घमेल्यातून दोघींना!

पहिल्या दिवशी तुळसाक्का त्या सालींकडे बघत बसली. रडली नाही. रडून कालवण होत नाही. तिनं सालींचं हिरवं कातडं तासलं आणि आतला पांढरा भाग काकडीसारखा चिरला. बोरं उकडून त्यांचा आंबट कोळ काढला. कारळं निवडलं, भाजलं, लसणीबरोबर वाटलं. वरून खरवडीचा खडा टाकला. हे जिन्नस एका भांड्यात घालायचं आजवर कुणाच्या मनात आलं नव्हतं. तिलाही धाकधूक होती. पण कालवणाला उकळी फुटली, वास सुटला, आणि सासरा भिंत धरून चुलीपाशी आला.

"काय हाय गं ते?"

"आधी जेवा, मग सांगते मामंजी."

म्हातारा भाकरी चुरून जेवला. ताट बोटानं पुसलं. मग तुळसाक्कानं सांगितलं. म्हातारा असा हसला की त्याला ठसका लागला.

"म्हाळसाबाईच्या म्हशीला कळू दिऊ नगंस. भांडाया यील."

त्या दिवसापासून तिचा हातच मोकळा झाला. वाटीतून जे येईल त्याची ती सोयरीक जुळवायची. पिकून लिबलिबीत झालेला पेरू तिनं कुळथाच्या पिठल्यात घातला. शेवग्याच्या पाल्यात चिंचेची कोवळी फुलं घातली. सासऱ्याच्या गालांवर मांस आलं. आणि रीतीप्रमाणं एक वाटी रोज बाहेर जायचीच, आज या घरी, उद्या त्या घरी. गाव तिच्या वाटीची वाट बघू लागलं. बाप्ये पानावर बसायच्या आधी विचारायचे, "तुळसाक्काची वाटी आली का?" पोरं वाटीसाठी मारामारी करायची. त्यात काय घातलंय, हे एकानंही विचारलं नाही. तिनं लपवलंही नाही.

आणि परतीच्या वाटीत काय? तेच. बोरं, खरवड, साली. खायला हपापलेले, द्यायला आखडलेले. लिहितानाही माझं डोकं तापतं.

एके दिवशी म्हाळसाबाईकडे तिच्या लेकीच्या सासरची मंडळी जेवायला आली. पुरी, बासुंदी, चार भाज्या, सगळा थाट. त्यातच तुळसाक्काची वाटी आली होती, तीही वाढली गेली. विहीणबाईंनी बासुंदी बाजूला सारली आणि ते सालींचं कालवण ओरपलं. पुन्हा मागून घेतलं.

"हे कुणाच्या हातचं?"

"माझ्याच," म्हाळसाबाई बोलून गेली.

"अगंबाई! मग सांगा तरी, कसं करायचं?"

आता आली का पंचाईत? म्हाळसाबाईनं गड्याला पिटाळून तुळसाक्काला मागच्या दारी बोलावलं. हळू आवाजात म्हणाली, "हे बघ, पाहुण्यांना सांग, कोवळा दुधी हाय म्हणून. म्या केलं, तू नुसतं चिरून दिलंस. एवढं बोललीस तर तुझ्या सासऱ्याला रोज दूध पाठवीन."

रोज दूध. तुळसाक्काच्या डोळ्यांपुढं म्हातारा उभा राहिला. ती आत गेली. विहीणबाईंच्या पानाशेजारी तिची पितळी वाटी होती, घासल्यासारखी लख्ख चाटलेली. ती वाटी बघितली आणि तिच्या तोंडून दुधी काही निघेना.

"कलिंगडाच्या साली हायत्या," ती म्हणाली. "याच घरनं माझ्या वाटीत आलेल्या. बोरं सुताराकडची. केलंय म्या."

विहीणबाई पानावरून उठल्या. "साली? गुरांपुढं टाकतात त्या?" आणि ज्या बाईनं दोनदा घेऊन खाल्लं, ती परसात जाऊन चुळांवर चुळा भरायला लागली! आता सांगा, खाताना जिभेला गोड लागलेलं, ते कानात शिरून कसं बाधलं? जीभ खोटी होती का कान?

दुसऱ्या दिवशी पारावर गाव जमलं. म्हाळसाबाई सगळ्यांपुढं उभी राहिली. "हिनं व्याह्यांपुढं माझी अब्रू घालवली! अख्ख्या गावाला म्हशीचं खाऊ घातलं! हिची वाटी पालथी घाला!"

वाटी पालथी घालणं म्हणजे काय, ते सांगतो. ज्याच्याशी देणंघेणं तोडायचं, त्याची वाटी त्याच्याच उंबऱ्यावर पालथी घालायची. मग त्या घरातून वाटी जायची नाही, त्या घरात वाटी यायची नाही. तुळसाक्काचं घर बसायला तेवढं पुरे होतं. नुसत्या कोरड्या भाकरीवर म्हातारा पावसाळा काढणार नव्हता.

आणि गाव बघा. काल वाट्या चाटणारे आज पोटं धरून बसले. सुताराची बायको म्हणाली, "मला तवाच मळमळलं हुतं." खोटारडी! वाटीसाठी नवऱ्याशी भांडायची ती हीच.

गावात येसूतात्या म्हणून एक जाणता पंच होता. त्याला तंटा लवकर मिटवायचा होता. तो म्हणाला, "तुळसे, नुसतं 'चुकलं' म्हण. वाटी चालू राहील."

शब्द तिच्या ओठांपर्यंत आला. म्हातारा घरी वाट बघत होता. पण तो शब्द तिनं परत आत ढकलला.

"तात्या, काय चुकलं तेवढं सांगा, लगीच म्हणते. साली वाईट व्हत्या, तर त्या माझ्या वाटीत कशाला घातल्या? आन् चांगल्या व्हत्या, तर आज माझी वाटी पालथी कशाला?"

सुताराची बायको पदराशी चाळा करू लागली. गुऱ्हाळवाला आभाळाकडं बघू लागला.

"लई शहाणपणा नगं!" म्हाळसाबाई ओरडली. "घाला पालथी!"

"घाला," तुळसाक्का म्हणाली. "पर वाटी तुमच्याच घरी हाय. आधी माझी मला द्या."

गड्यानं वाटी आणली. धुऊन पुसून रिकामी. म्हाळसाबाई ती हिसकून निघालीच होती, तेवढ्यात येसूतात्यानं काठी आडवी धरली.

"थांब पोरी. रिकामी वाटी परत करायची रीत आपल्यात कधीपासनं आली?"

आता कशी! आजवर तिचा हात घमेल्यात जायचा तो घरात, कुणी बघत नसताना. आज सगळं गाव बघत होतं. साली घालाव्यात, तर सगळ्यांदेखत कबुली. बोरं घालावीत, तर तेच. ती पाय आपटत घरी गेली आणि ताजं कढवलेलं तूप वाटीत काठोकाठ भरून घेऊन आली. तोऱ्यात. गाव तिच्या मागोमाग तुळसाक्काच्या दारात गेलं.

म्हाळसाबाई उंबऱ्यापाशी वाकली. वाटी तिरकी केली. आणि हात तसाच राहिला.

तूप मातीत ओतायचं? उंबऱ्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाखाली? अन्न मातीत घालणाऱ्या बाईला त्या गावानं पुन्हा दारात उभं केलं नसतं. आणि भरलेली वाटी पालथी घालायची, तर आतलं ओतल्यावाचून घालता येत नाही. तूप तिच्या बोटांवरून ओघळायला लागलं.

आतून म्हाताऱ्याचा आवाज आला, "तुपाचा वास येतुया. कुणाची वाटी आली गं?"

"म्हाळसाबाईंची, मामंजी."

"मग दारात का उभी केलीस? बस म्हण त्यास्नी."

कुणीतरी फिस्सकन हसलं. म्हाळसाबाईनं वाटी उंबऱ्यावर ठेवली. सुलटी. आणि मान खाली घालून निघून गेली.

पुढं काही दिवस तुळसाक्काच्या वाटीत लोणी काय आलं, मटार काय आला, विचारू नका. कुणाच्या वाटीत काय जातं, ते आता सगळे बघत होते ना! तिनं त्याचं चारचौघींसारखं कालवण केलं आणि वाट्या पाठवल्या. तर ही माणसं काय म्हणाली असतील? "पूर्वीची चव राहिली नाही!" तोंडं उघडायला लाज वाटली नाही एकाला.

शेवटी एका संध्याकाळी म्हाळसाबाई स्वतः आली. पुढच्या दारानं. हातात ताट, ताटावर फडकं, फडक्याखाली धुतलेल्या साली.

"एवढ्याचं कालवण करशील?"

"करीन की. बसा. तासू लागा."

म्हाळसाबाई विळी ओढून बसली आणि साली तासू लागली. त्या रात्री म्हातारा पुन्हा ताट पुसून जेवला. दोघींचं देणंघेणं पुढं नीट चाललं. पण 'चुकलं' हा शब्द म्हाळसाबाईच्या तोंडून कधी निघाला नाही. बोरांएवढाही आंबट नसतो तो. तरी लोकांना तो उच्चारायला जमत नाही.

तात्पर्य: जे आपण स्वतःच्या ताटात वाढून घेणार नाही ते दुसऱ्याच्या वाटीत घालू नये, आणि जे चाटूनपुसून खाल्लं त्याला मागाहून नावं ठेवू नयेत. ठेवलीच, तर नुसतं गप्प बसून भागत नाही, तोंडानं 'चुकलं' म्हणावं लागतं. हे पोरांनी ध्यानात ठेवावंच, पण माझ्या घरचं पिठलं दोनदा मागून खाऊन, त्यात पेरू आहे कळल्यावर माझ्याच अंगणात जो थुंकला आणि अजून एका शब्दानं माफी मागायला आला नाही, त्या खालच्या आळीच्या हैबती जगदाळेनं आधी ठेवावं.