न घोटलेल्या कागदाची भिंत

ही हौदवाडीची भिंत. घर नाही, छप्पर नाही, उघड्या माळावर नुसती मातीची भिंत उभी. हात लावू नका पाव्हणं, कागद अजून ओले आहेत. वैशाखात घरोघरी पोरांच्या जुन्या वह्या फाडून भिजवतात, लगदा कुटतात, अगदी शेवटी त्यात मूठभर बाजरी कालवून साच्यावर कागद उचलतात आणि इथे वाळायला लावतात. पेरणीला हाच कागद तुकडे करून शेतात पुरायचा. खरबरीत आहे म्हणून नाक मुरडू नका. हा कागद दगडाने घोटून गुळगुळीत करायचा नसतो.

फार मागे, पेंढाऱ्यांच्या काळात, या गावात कागद्यांचं एकच घर होतं असं सांगतात. दाऊद कागदी आणि त्याची बायको जैतुनबी यांचा कागद इतका गुळगुळीत की त्यावर माशी घसरायची म्हणे. एकदा शेजारची तीन गावं लुटल्याची बातमी आली. पेंढारी घोड्यांसाठी बियाण्याची बाजरीसुद्धा उकरून नेत होते. बी गेलं की पुढच्या वर्षी गाव उपाशी मरणार. म्हणून लोकांनी घराघरातलं बी जैतुनबीच्या पदरात टाकलं. तिने ते रद्दीच्या लगद्यात कालवून दोनशे कागद उचलले आणि कडक उन्हात या भिंतीवर वाळवले.

पण दाऊदला राहवेना. आपल्या भिंतीवर असा खरबरीत कागद? जित्याची खोड, दुसरं काय! वाळलेला एक कागद उतरवून त्याने गारगोटीने घोटला. आतलं बी कटकट फुटलं, तेव्हा भानावर आला. लाजेने त्याने तो कागद गुपचूप होता तिथे लावून टाकला.

दुपारी पेंढारी आले. पाटलाच्या तोंडाला त्यांनी गरम राखेचा तोबरा बांधला. तो तडफडून गेला. त्याच्या भावाला धान्याच्या रिकाम्या पेवाच्या तोंडाशी उभं करून भाल्याने टोचत राहिले, "बी कुठाय?" तोही मेला, पण कुणी तोंड उघडलं नाही. मग टोळीच्या नाईकाची नजर भिंतीवर गेली. कागदातले दाणे त्याला कचरा वाटले. पण त्यात एक कागद लखलखत होता.

"मला गावोगाव धमकीची पत्रं धाडायची आहेत," तो दाऊदला म्हणाला. "सगळे असेच घोटून दे."

आपण काय करून बसलो ते दाऊदला कळलं. त्याने उजवा हात पाट्यावर ठेवला आणि डाव्या हाताने लगदा कुटायची लाकडी मोगरी हाणली. बोटं चेचली. नाईक जैतुनबीकडे वळला. "मग तू घोट."

तिने नवऱ्याच्या हातून रक्ताळलेली मोगरी घेतली.

"चूक माझी आहे, तुझा हात नको!" दाऊद ओरडला.

"गप बसा तुम्ही," ती म्हणाली आणि तिनेही आपला उजवा हात चेचला.

नाईक चवताळला. दाऊदचं मुंडकं त्याने तिच्या पुढ्यात उडवलं. खरबरीत कागदावर बोरू अडखळतो, तो नेऊन काय करणार? गाव पेटवून टोळी निघून गेली. भिंत माळावर, तिथवर आग पोचली नाही.

एकशे नव्याण्णव कागद पेरले, सगळे उगवले. मला अजूनही दाऊदचा राग येतो आणि त्याच्यासाठी डोळ्यांत पाणीही येतं. जैतुनबी पुढे तीस वर्षं जगली म्हणे, पण जी बाजरी तिने वाचवली तिची एक भाकरी तिला पुन्हा थापता आली नाही. शेजारणी म्हणाल्या, "आम्ही देतो थापून." तेव्हा गावचे पुरुष पुढे झाले. "त्या दिवशी आम्ही नुसते बघत उभे होतो. आम्हीच थापणार." आणि तीस वर्षं त्यांनी पाळी चुकवली नाही.

आजही कागद भिंतीवर चढतात त्या दिवशी हौदवाडीत चुलीपुढे पुरुषच बसतात. भाकरी वाकडी होते, काठ फाटतात, कधी करपते. पण त्या दिवशी बाईने पिठाला हात लावायचा नाही.