सांगाड्याचे अंगठे

एका शाळेत एक सांगाडा होता. होता प्लास्टिकचा, पण रुबाब असा की नववीची मुलं त्याला दबून असत. एकदा रंगाऱ्यांच्या शिडीचा धक्का लागला आणि गड्याचं हाडन्‌हाड सुटं झालं.

जीवशास्त्राच्या सोनटक्के बाई नववीच्या वर्गाला म्हणाल्या, “नवा आणायचा नाही. तुम्हीच जोडा. पुढच्या वर्गांनाही मी यावरच शिकवणार आहे.” या कामाची प्रमुख झाली वर्गातली केतकी घोलप. तिला सगळ्या हाडांची नावं तोंडपाठ, आणि हे कुणी विसरू नये याची ती पुरेपूर काळजी घेई! पालकसभेत सांगाडा तिनेच दाखवायचा होता.

तारा पाठीकडून ओवायच्या म्हणून सांगाडा टेबलावर पालथा घातला. केतकीने भिंतीवरच्या तक्त्यात पाहून डावीकडे दिसणारा पाय डावीकडे लावला, उजवीकडचा उजवीकडे. तक्त्यातला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा आहे, हे तिच्या ध्यानीमनीही आलं नाही.

तार धरून बसलेली तिची वर्गमैत्रीण शमीम म्हणाली, “केतकी, याच्या पायांचे अंगठे बाहेरच्या बाजूला आलेत गं.”

“तू आधी मणक्यांची नावं पाठ कर, मग बोल.”

शमीमने तार पुढे सरकवली.

सभेच्या दिवशी सभागृह भरलं. चपला-बूट बाहेर होते. चादर घातलेल्या सांगाड्याशेजारी केतकी अनवाणी उभी होती. चादर जरा वर झाली आणि तिला त्याची पावलं दिसली, शेजारी स्वतःचीही. तिचे अंगठे आतल्या बाजूला होते, त्याचे बाहेरच्या. पालकांपैकी कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पहिल्या रांगेत तिची आत्या फोटो काढायला सरसावून बसली होती. पण पुढचे सगळे वर्ग हेच चुकीचं शिकणार, हे तिला सोसवेना.

तिने चादर ओढली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “हा सांगाडा चुकलाय. मी चुकवलाय. शमीमने सांगितलं होतं, मीच तिला गप्प बसवलं. शमीम, पक्कड घेऊन ये.”

दोघी सगळ्यांसमोर बसल्या. पाय सोडवले, नीट लावले. कोणतं हाड कुठल्या बाजूचं आणि ते कसं ओळखायचं, हे केतकी सांगत राहिली.

सांगाडा उभा राहिल्यावर एका पालकांनी विचारलं, “काही शंका असली तर कुणाला विचारायची?”

केतकीने शमीमचा हात धरून तिला पुढे केलं. “हिला विचारा. मला नावं येतात, पण हिला दिसतं.”

तात्पर्य: आपली चूक दाखवणाऱ्याचं ऐकावं; वेळेवर ऐकलं नसेल, तर चारचौघांत तसं सांगून ती सुधारण्यात कमीपणा मानू नये.