तुळाजीची बोट आणि वेगाचं यंत्र

धरणाच्या पाण्याकाठी एक गाव होतं आणि त्या गावात तुळाजी भोई नावाचा बोटचालक राहत असे. गावच्या क्रीडा मंडळाची पंचवीस वर्षं जुनी बोट तोच चालवायचा. बोटीला लांब दोर बांधलेला असे. दोराचं टोक धरून, पायांत स्की म्हणजे लांब सपाट पट्ट्या घालून, खेळाडू पाण्यावरून घसरत जात. या खेळात बोटीचा वेग शेवटपर्यंत एकसारखा राहावा लागतो. तुळाजी वेगाच्या काट्यावर नजर ठेवून हाताने रेस कमी-जास्त करायचा. काटा जागचा हलत नसे. लोक त्याच्या हाताचं कौतुक करत आणि ते ऐकायला त्याला आवडे.

मंडळाची खेळाडू केतकी त्या वर्षी मोठ्या स्पर्धेला जाणार होती. तिथल्या बोटींचा वेग यंत्र सांभाळत असे. सरावही तसाच व्हावा, म्हणून मंडळाने जुन्या बोटीला ते यंत्र बसवायचं ठरवलं. तालुक्याहून नसीमा मुजावर नावाची मेकॅनिक आली. तिच्याजवळ एक छोटा पडदा होता आणि एक मुठीएवढी मोटर. बोट किती वेगात आहे हे यंत्र स्वतः मोजणार, आणि मोटर त्याप्रमाणे रेसची केबल ओढणार किंवा सैल सोडणार.

"मग मी काय करायचं?" तुळाजीने विचारलं.

"बोट तुम्हीच चालवायची, काका," नसीमा म्हणाली. "फक्त काट्याकडे बघत बसायचं नाही."

तुळाजीला ते फारसं रुचलं नाही.

काम सुरू करण्याआधी नसीमाने त्याला रेसचा दांडा पुढे-मागे करायला सांगितलं. त्याने तसं केलं. दांडा सहज गेला, सहज आला. "केबल चांगली आहे," असं म्हणून तिने मोटर बसवली.

केबल चांगली नव्हती. रेस वाढवली की ती एका जागी अडकायची आणि मागे यायची नाही. तिथे दांडा थोडा डावीकडे दाबून झटका दिला की सुटायची. सहा वर्षं तुळाजी तो झटका देत होता. आधी दुरुस्त करू म्हणून राहिलं, मग हाताला इतकं वळण पडलं की त्याचं त्यालाही जाणवेनासं झालं. नसीमासमोरही मनगटाने तो झटका आपोआप दिला होता.

केतकी पाण्यात उतरली. तुळाजीने इंजिन सुरू केलं. नसीमा शेजारी बसली. दोर ताणला जाऊ लागला तेव्हा त्याचं लक्ष मोटरकडे गेलं. ही केबल ओढेल, पण डावीकडे दाबणार कशी?

मार्गाच्या शेवटी बुडालेल्या झाडांचे बुंधे होते. तिथे वेळेत वेग कमी झाला नाही तर काय होईल, हे त्याला पक्कं माहीत होतं. पण सांगायचं तर सहा वर्षांचं सगळंच सांगावं लागणार होतं. मनात आणखीही एक विचार आला, आणि त्याची त्याला लाज वाटली. यंत्र फसलं तर लोक म्हणतील, तुळाजीचा हातच बरा होता.

त्याने मागे पाहिलं. केतकीने डोकं हलवून तयार असल्याची खूण केली.

तुळाजीने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"नसीमा, केबल अडकते," तो म्हणाला. "दांडा पुढे-मागे करताना मी ती सोडवत होतो. तुला दिसलं नाही, कारण माझा हात ते आपोआप करतो, आणि मी सांगितलं नाही."

नसीमाने इंजिनाचं झाकण उघडलं आणि दांड्याला हात न लावता मोटर चालवली. केबल ओढली गेली आणि रेसची झडप उघडली. मोटरने केबल सैल सोडली, पण झडप तशीच उघडी राहिली.

केतकी पोहत बोटीशी आली होती. तिनेही ते पाहिलं.

"किती दिवस असं आहे, काका?"

"सहा वर्षं."

"म्हणजे मी शिकायला लागले तेव्हापासून."

"हो," तुळाजी म्हणाला.

केबल बाहेर काढली, तर आतल्या तारेचे पदर तुटून वळणावर रुतत होते. नसीमाने नवी केबल टाकली. मोटर दहा वेळा चालवून पाहिली. दहाही वेळा झडप पूर्ण मिटली.

"तुम्ही बोलला नसता तर मला कळलंच नसतं," ती म्हणाली. "मी तशीच काम झाल्याची सही करून गेले असते."

दुपारी केतकी पुन्हा पाण्यात उतरली. ती बाजूला झेपावली की दोर बोटीला मागे खेचायचा, आणि यंत्र तेवढीच रेस वाढवून वेग राखायचं. मार्ग संपला. तुळाजीने दांडा मागे घेतला. बोट शांतपणे मंदावली आणि बुंध्यांच्या कितीतरी अलीकडे वळली.

तुळाजीने मोठा श्वास सोडला. खांदे सैल झाले. ते इतकी वर्षं आवळलेले होते, हे त्याला आत्ता कळलं.

केतकी धक्क्यावर चढली आणि केस पिळत थोडा वेळ उभी राहिली. ती अजून रागावली असेल असं त्याला वाटलं. थोडी होतीही.

"उद्या सकाळी सातला येते, काका," ती म्हणाली. "बोट तुम्हीच चालवा."

तात्पर्य: आपण सवयीने सांभाळून घेतलेला दोष दुसऱ्याला दिसत नाही, म्हणून काम दुसऱ्या हाती देताना, कमीपणा वाटला तरी, तो दोष आधी सांगावा.